बाबांचा दुभाष्या

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबा आमच्याकडे न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आले. दोन हजार सात-आठ सालची गोष्ट. मी तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट होते. नवऱ्याची नोकरी ऑकलंडला, त्यामुळे तो अंधारात गाडी काढून जायचा आणि अंधारातच परत यायचा. मुलगी शाळेत. दिवसभर घरात बाबा एकटे.

बाबांना स्वस्थ बसता येत नसे. पुण्यात ते खपून जायचं. तिथे भाजी आणायची असायची, कुणाच्या तरी सोसायटीची मीटिंग असायची, जुन्या प्रेसमधलं कुणीतरी भेटायला यायचं. इथे फुटपाथवर माणूस दिसायचा नाही. ते कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या किराणा दुकानापर्यंत, चालत जायचे, दुकानातल्या गुजराती बाईंशी हिंदीत दोन वाक्यं बोलायचे, दूध घेऊन परत यायचे. मग मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दांडीपासून पुढच्या लेटरबॉक्सपर्यंत फेऱ्या. मी संध्याकाळी आले की घरातल्या एखाद्या दाराची बिजागरी आवळलेली असायची, नाहीतर चांगला चालणारा टोस्टर उघडून टेबलावर पसरलेला असायचा.

"अहो बाबा, बसा की जरा. टीव्ही बघा."

"बघितला. मेंढ्या दाखवतात."

त्यांना कायमचं इथेच ठेवून घ्यावं असं माझ्या मनात होतं. त्यांच्या व्हिसाबद्दल मी चौकशीही सुरू केली होती, फक्त त्यांना सांगितलं नव्हतं. आधी त्यांचं मन इथे रमू दे, मग बोलू, असा माझा बेत. म्हणून त्यांना रमवायला मी जे मिळेल ते शोधत होते. देवळातलं भजन, मराठी मंडळींची घरून डबे आणून केलेली पॉटलक जेवणं, नदीकाठची बाग. कुठेही नेलं की अर्ध्या तासात ते गाडीच्या किल्ल्यांकडे बघायला लागायचे.

आमच्या हॉस्पिटलमध्ये एक जर्मन फिजिओथेरपिस्ट होती. पन्नाशी ओलांडलेली, उंच, केस करडे आणि अगदी आखूड कापलेले. वॉर्डातल्या पेशंटच्या गोळ्यांवरून आमचं रोज बोलणं व्हायचं. एकदा मी सहज म्हणाले, माझे वडील तरुणपणी एक हिवाळा लाइपझिगला होते.

ती चालता चालता थांबली. "कधी?"

"पंचाहत्तर-शहात्तर."

"मग ते माझ्या देशात होते," ती म्हणाली. "जो आता नकाशावर नाही, त्या देशात."

बर्लिनची भिंत पडल्यावर दोन-तीन वर्षांत ती न्यूझीलंडला आली होती, आणि त्या देशाबद्दल एरवी फारसं बोलत नसे. पण तिने मला सांगितलं की फिल्म सोसायटी या हिवाळ्यात जर्मन सिनेमे दाखवते आहे. दर बुधवारी संध्याकाळी, युनिव्हर्सिटीच्या एका लेक्चर हॉलमध्ये. सगळे त्या गेलेल्या देशातल्या आयुष्याबद्दलचे. "मी प्रत्येकाला जाते," ती म्हणाली. "कधी रागावून घरी येते, कधी हसत. त्यांना घेऊन ये."

बाबांची लाइपझिगची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. बाबा पुण्यात एका छापखान्यात यंत्रं बघायचे. तिथे पूर्व जर्मनीतून मोठं ऑफसेट मशीन येणार होतं, म्हणून ते शिकायला बाबांना तिकडे पाठवलं. नवं लग्न झालेलं, मी पोटात. पहिल्यांदाच देशाबाहेर. बर्फ, कोळशाच्या धुराचा वास, वेळेवर येणारी ट्राम. बाबा युनियनमधले, त्या देशावर त्यांची श्रद्धा होती. तिथे बेकार कोणी नाही, कामगाराच्या पोराला डॉक्टर होता येतं, हे ते आम्हाला लहानपणी इतक्यांदा सांगायचे की आई ताट वाढताना म्हणायची, "झालं का तुमचं जर्मनी? आमटी निवतेय."

आणि त्या गोष्टीत एक दुभाष्या होता. बाबांच्याच वयाचा. कारखान्याने इंग्रजी बोलणारा म्हणून बाबांबरोबर दिलेला. त्याने पहिल्याच आठवड्यात आपल्या वडिलांचा ओव्हरकोट बाबांना आणून दिला, कारण बाबांचा पुण्याहून नेलेला कोट तिथल्या थंडीत कुचकामी होता. नाताळात त्याने बाबांना घरी नेलं. याला मांस चालत नाही म्हणून त्याच्या आईने बटाट्याचे गोळे करून घातले. निघताना स्टेशनवर दोघेही रडले. नंतर काही वर्षं पत्रं येत-जात होती, मग थांबली. बाबांच्या तोंडी त्याचं नाव सख्ख्या भावासारखं यायचं.

पहिल्या बुधवारी बाबा स्वेटरवर जाकीट, जाकिटावर मफलर घालून वेळेआधी तयार होऊन बसले. हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं, बहुतेक निवृत्त प्रोफेसर आणि त्यांच्या बायका. दारात कागदी कपातला चहा. सिनेमा एका क्रेन चालवणाऱ्या बाईचा होता. तिचा भाऊ पश्चिमेकडे पळून गेला आहे, आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं आहे. बाबा सबटायटल वाचतच नव्हते, खिडक्या-भिंती बघत होते. "तो बघ, तो स्टोव्ह. तसाच होता आमच्या हॉस्टेलात," ते मला मोठ्याने सांगायचे आणि पुढच्या रांगेतली बाई वळून बघायची.

नंतर ते आणि फिजिओ पार्किंगमध्ये थंडीत उभे राहून वाद घालत बसले.

"बेकारी नव्हती, हे तरी मान्य कराल?" बाबा.

"नव्हती. आणि बाहेर जायला दारही नव्हतं."

"पण पाळणाघरं होती. माझ्या मुलीला इथे पाळणाघरासाठी किती धावपळ करावी लागली."

"होती ना. मी स्वतः पाळणाघरात वाढले. तिथल्या बाई आम्हाला विचारायच्या, रात्री तुमच्या घरी टीव्हीवरचं घड्याळ कसं दिसतं? गोल की चौकोनी? त्यावरून त्यांना कळायचं, आमचे आईवडील कुठलं चॅनल बघतात."

बाबा हसले. त्यांना ती चातुर्याची गोष्ट वाटली. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाबा कुणाशी तरी मनापासून भांडत होते. घरी येताना गाडीत ते सारखे बोलत होते, आणि दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा टोस्टर जागेवर होता. आता हे रमतील, असं मला वाटलं.

दुसऱ्या बुधवारीही तसंच झालं. तिसऱ्या बुधवारचा सिनेमा एका दुभाषी बाईचा होता.

तिचं काम व्यापारी प्रदर्शनाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना शहर दाखवायचं. तिच्याकडे दूरच्या कुठल्यातरी गरीब देशातला एक इंजिनियर येतो. एकटा, थंडीने गारठलेला. ती त्याला हातमोजे आणून देते. त्याला बागेत फिरायला नेते, आईकडे जेवायला नेते. आणि दर आठवड्याला ती एका इमारतीचे जिने चढून एका फ्लॅटमध्ये जाते. तिथे बिनबाह्यांचा स्वेटर घातलेला एक मध्यमवयीन माणूस तिला कॉफी देतो, केकचा तुकडा देतो आणि विचारतो, "मग? काय म्हणतात आपले पाहुणे?" ती सांगते. वाईट काही सांगत नाही. त्याला आईची आठवण येते, सांगते. त्याचा साहेब त्याला आवडत नाही, सांगते. माणूस लिहून घेतो आणि म्हणतो, "केक घ्या ना."

मी सिनेमात गुंतले होते. शेजारची खुर्ची खटकन वर गेली तेव्हा मला कळलं की बाबा उठलेत. अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून धडपडत ते बाहेर गेले. त्यांना मळमळतंय की काय, म्हणून मी मागे धावले.

युनिव्हर्सिटीच्या आवारात एक तळं आहे. बाबा त्याच्या काठाने भराभर चालत होते. मफलर आत खुर्चीवर राहिला होता. मी हाक मारली तरी थांबले नाहीत. शेवटी मी त्यांच्या दंडाला धरलं.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही गं." ते तळ्याकडे बघत होते. "तो पण मंगळवारी कुठेतरी जायचा. मंगळवारी संध्याकाळी तो नसायचाच. मी एकदा विचारलं तर म्हणाला, मावशी आजारी आहे."

"असेल की मावशी."

"असेल."

ते पुन्हा चालायला लागले आणि मी त्यांच्या बाजूने. तिथे त्या काळोखात, बदकांच्या आवाजात, त्यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. लाइपझिगच्या गोष्टीत तो भाग नसायचाच.

तो आणीबाणीचा हिवाळा होता. बाबांचा एक जिवलग मित्र त्याच छापखान्यात प्रूफं तपासायचा. तो आमच्याकडे नेहमी यायचा, मी त्याला काका म्हणत मोठी झाले. काका समाजवादी. आणीबाणी लागल्यावर तो सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढून वाटायचा, आणि पोलीस शोधायला लागल्यावर बहिणीच्या सासरी, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जाऊन लपला होता. बाबा त्याला शेवटचे तिथेच भेटून जर्मनीला गेले. तिकडच्या वर्तमानपत्रात आणीबाणीची स्तुती यायची. दुभाष्या ती बाबांना वाचून दाखवायचा. बाबांना ते सहन होईना. एक दिवस, नाताळात त्याच्या घरून जेवून परत येताना, बाबा त्याला म्हणाले, हे सगळं खोटं आहे. माझा मित्र लपून बसलाय. काय छापत होता, का लपला, सगळं सांगितलं. कुठे, तेही सांगितलं.

"गावाचं नाव सांगितलंत?"

"घराबद्दल पण बोललो असेन. आठवण येत होती गं. तो भावासारखा विचारत होता."

जानेवारीच्या शेवटी काकाला पकडलं. पोलीस थेट त्या गावात, त्या घरी गेले. आणीबाणी उठेपर्यंत तो येरवड्याला होता. तो आत असतानाच त्याची आई वारली. नोकरी गेली ती गेलीच. माहिती कुणी दिली हे कधीच कळलं नाही. काकाच्या घरचे कित्येक वर्षं गावातल्या एका चुलत्यावर संशय घेत राहिले, आणि तो चुलता तसाच, संशय डोक्यावर घेऊन मेला.

"बाबा, लाइपझिग कुठे, सातारा कुठे! तिकडून कोण सांगणार इथल्या पोलिसांना?"

"का नाही सांगणार? त्यांची आणि आपल्या सरकारची दोस्ती होती. मीच तर आयुष्यभर ती दोस्ती मिरवत आलो."

सिनेमा संपला तशी माणसं बाहेर आली. फिजिओ बाबांचा मफलर हातात घेऊन आम्हाला शोधत होती. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मफलर त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "मी उद्या फोन करते."

पुढचे दिवस घरात कुणालाच चैन नव्हतं. बाबा फेऱ्या मारायचे तेही आता घरातच. जेवताना मधेच काहीतरी आठवायचं. "त्याने मला विचारलं होतं, तुझा मित्र लग्न झालेला आहे का. हे का विचारलं असेल?" किंवा, "नाही, त्याला तर राजकारणात रसच नव्हता." माझी मुलगी मला हळूच विचारायची, "इज आजोबा ओके?" मी म्हणायचे, "हो, ते विचार करतायत." माझंही कामात लक्ष लागेना. फार्मसीच्या काउंटरवर माणसं औषधं घेताना काय काय बोलतात. झोप लागत नाही, नवरा गेला, मुलगा घरी येत नाही. मी ऐकून घेते, सहानुभूती दाखवते, कधी जेवताना नवऱ्याला सांगते. त्या आठवड्यात मी कुणाचंच काही घरी नेलं नाही.

शनिवारी दुपारी फिजिओ आमच्याकडे आली. बाबांनी तिला सगळं सांगितलं, मी मधे मधे इंग्रजी शब्द पुरवत होते.  शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय? मी स्वतः जाणून घेतलेलं नाही. माझ्याबद्दल गुप्त पोलिसांना कोण सांगायचं, हे त्यांच्या फायलींत बघायची आता सोय आहे. माझी बहीण बघून आली. त्यानंतर ती आमच्या एका शेजारणीशी बोलत नाही. मी गेले नाही. मला ती शेजारीण हवी होती."

"माझ्याबद्दल काय सांगितलं त्याचं मला काही नाही," बाबा म्हणाले. "मला मित्राचं कळायला हवं."

तिने दुभाष्याचं पूर्ण नाव विचारलं. लाइपझिगला तिची एक मावशी होती. पुढच्या काही दिवसांत मावशीने टेलिफोन डिरेक्टरी चाळून, दोन-चार चुकीच्या घरी फोन करून, तो माणूस शोधला. तो त्याच शहरात होता. निवृत्त झाला होता.

पुढच्या शनिवारी फोन करायचा ठरला. आमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडे सकाळ. मुलीला नवऱ्याबरोबर बाहेर पाठवलं. मी डेअरीतून फोनकार्ड आणून ठेवलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फिजिओने नंबर फिरवला, जर्मनमध्ये कुणा बाईशी बोलली, थांबली, आणि फोनचा स्पीकर चालू करून तो बाबांच्या पुढ्यात ठेवला.

पलीकडून एक जाड, म्हातारा आवाज आला. त्याने बाबांना हाक मारली, आणि नावातलं शेवटचं अक्षर तो चुकीचं लांबवायचा असं बाबा नेहमी सांगायचे, तसंच लांबवलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली काही मिनिटं दोघंही एकाच वेळी बोलत होते. आई गेली, त्याचीही आई गेली. तुझं मूल काय झालं तेव्हा? मुलगी. ही काय इथेच बसलीये. बाबा मला खुणेने म्हणाले, बोल. मी नमस्कार म्हटलं. तो हसला. त्याला तो शब्द आठवत होता.

मग बाबांनी विचारलं. आधीपासून घोकून ठेवलेलं इंग्रजी वाक्य होतं, पण ते मधेच अडखळले. "माझ्याबद्दल तुला कुणाला सांगावं लागायचं का?"

 पलीकडे, मागे कुठेतरी भांड्याचा आवाज झाला.

"हो," तो म्हणाला. "परदेशी माणसाबरोबर काम करायचं म्हणजे ते आलंच. मंगळवारी. मी तुला कधीतरी लिहून सांगणार होतो, मग पत्रंच बंद केली."

"ठीक आहे. मला राग नाही. पण माझा मित्र. लपलेला. मी तुला गावाचं नाव सांगितलं होतं. ते तू सांगितलंस?"

"मला आठवत नाही."

बाबांनी फोन आणखी जवळ ओढला.

"सांगितलं नाही असं म्हणायला मला आवडेल," तो म्हणाला. "तुला बरं वाटेल, मलाही वाटेल. पण मला आठवत नाही. मी तिथे खूप बोलायचो. फालतू गोष्टी भरभरून सांगायचो, म्हणजे मी काय गाळतोय ते त्यांच्या लक्षात येऊ नये. काय गाळलं ते आता माझ्याही लक्षात नाही. त्याचं काय झालं?"

बाबा फोनकडे बघत राहिले. मला वाटलं ते खोटं बोलतील.

"पकडला गेला," ते म्हणाले. "जानेवारीत."

 मग तो जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटला. फिजिओने त्याचा अर्थ सांगितला नाही.

"अरे, गावात पोस्टमन होता," बाबा एकदम घाईघाईने म्हणाले. "शेजारी होते. पाटील होता. कोणीही असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस." माझे बाबा त्या माणसाची समजूत घालत होते! शेवटी कार्डातली वेळ संपत आल्याचं बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज सांगायला लागला, आणि दोघांनी घाईत एकमेकांना तब्येत सांभाळ म्हटलं.

फिजिओ दार उघडून अंगणात गेली होती. मी तिच्या मागे गेले. ती कपड्यांची दांडी घट्ट धरून उभी होती.

"आठवत नाही," ती म्हणाली. "सगळ्यांचं हेच उत्तर असतं. भिंत पडल्यापासून मी दुसरं ऐकलं नाही."

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. "नाही," ते म्हणाले. "तो खरं बोलतोय. खोटं बोलायचं असतं तर नाही म्हणाला असता. ते सोपं होतं."

"तुम्ही त्याला ओळखत नाही. एक हिवाळा ओळखत होतात."

"हो, तेही खरं आहे."

ती आत येऊन चहा न घेता गेली. मला वाटलं, आता ही बोलणार नाही. पण सोमवारी वॉर्डात भेटली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "झोपले का ते?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी पण नाही."

त्याच आठवड्यात बाबांनी मला तिकीट बदलायला सांगितलं. मी चिडले. उरलेले महिने राहा, डोकं शांत होऊ दे, काकांना इथून फोन करा. मी व्हिसाचंही सगळं बोलून टाकलं, जे मला शांतपणे, चांगल्या वेळी सांगायचं होतं.

"इथे राहू?" बाबा म्हणाले. "अगं, तो माणूस आठवड्यातून दोनदा माझ्या घरी चहाला येतो. त्याच्या कपात चहा ओतताना मला हे ठाऊक असेल आणि त्याला नसेल. असं कसं चालेल? आणि फोनवर नाही सांगता येत. तो काय करतोय ते मला दिसायला हवं."

"पण तुम्हीच केलं असं कुठे सिद्ध झालंय? कशाला म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या जखमा उकरायच्या?"

"तो चुलता मेला ना संशयात."

मी ट्रॅव्हल एजंटला फोन लावला.

विमान रविवारी संध्याकाळचं होतं. आम्ही सकाळीच निघालो, कारण ऑकलंडच्या अवोन्डेल भागात एका मराठी कुटुंबाकडे जेवण होतं. तिथला रविवारचा बाजार बघून बाबा पहिल्यांदा गर्दीत शिरले. टोंगन बायका, चिनी आजोबा, अळूची पानं, कोथिंबिरीच्या जुड्या, धक्काबुक्की. "इथे आणायचंस ना मला आधी," ते म्हणाले. मेथीच्या ढिगापाशी उभे राहून ते मला विचारायला लागले, "सुरुवात कशी करू? आधी सिनेमाचं सांगू की आधी फोनचं?" मागून कुणीतरी ढकलत होतं. मी म्हटलं, "सिनेमापासून सांगा. जसं झालं तसं." ते मान हलवत पुढे गेले आणि पुन्हा वळून म्हणाले, "पण सिनेमापासून सांगितलं तर त्याला वाटेल मी गंमत सांगतोय." विमानतळावर आत जाईपर्यंत त्यांचं ठरलं नव्हतं.

पुण्याला पोचल्यावर दोन दिवसांनी त्यांनी काकांना सांगितलं. मला फोनवर कळलं ते असं. काका गॅलरीत बसले होते. बाबांनी सगळं सांगितलं, सिनेमापासूनच. काकांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. सांगून झालं. मग ते म्हणाले, "आई त्या वेळी रोज दाराशी येऊन बसायची म्हणे." आणि थोड्या वेळाने, "आज जा तू."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानंतर मी रोज फोन करायचे. हॉस्पिटलमधून घरी यायचं, बूट काढायच्या आधी फोन लावायचा. "आले का काका?" "नाही." "तुम्ही जाऊन बघा ना." "तो जा म्हणालाय. ये म्हणेल तेव्हा जाईन." त्यांच्या आवाजामागे फरशीवर चपलांचा आवाज यायचा, फोन कानाला लावून ते चालत असायचे. मी इथे स्वयंपाकघरात तशीच चालत असायचे. नवरा म्हणायचा, बस जरा. फिजिओ वॉर्डात नुसतं भुवया उंचावून विचारायची आणि मी मान हलवायचे.

वसंत सुरू झाला होता, उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे झाली होती. एक दिवस मी फोन केला तर बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"मी नंतर बोलतो," ते म्हणाले. "त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आज. बरोबर कोणी नाही, मुलगा बंगलोरला. सकाळी फोन आला त्याचा. म्हणाला, रिक्षा घेऊन ये, आणि उशीर करू नकोस."

"अजून काय म्हणाले? त्याबद्दल काही म्हणाले का?"

"काही नाही. उपाशीपोटी बोलावलंय त्याला, चिडलाय. ठेवू का? खाली रिक्षावाला हॉर्न मारतोय."